करडईचं तेल

आमचे मालक वारल्यावर खंडेनवमीला त्यांच्या जुन्या पिकअपची पूजा मीच केली. बॉनेटखाली ब्रेकच्या तेलाची डबी निम्मी रिकामी दिसली. सणाला आमच्याकडं भांडं रितं ठेवत नाहीत, म्हणून घाण्यावरचं करडईचं तेल काठोकाठ ओतलं. आठवड्यानं माझा जोतीराम म्हणाला, "आई, ब्रेक लागंना झालाय." मी सुनावलं, "तुजा बा हिच्यातनं ऊस वाहायचा. तुज्या पायातच जोर न्हाई!" तो तसाच भाडं घेऊन कोयनेच्या घाटात गेला आणि गाडीसकट दरीत पडला. त्याच्या तेराव्यानंतर मिस्त्रीनं दरीतनं काढून अंगणात आणलेल्या गाडीचा ब्रेक खोलला. "खायच्या तेलानं रबरं फुगलीत. कुणी वतलं?" सून रडत म्हणाली, "त्यांनीच वतलं असंल." मी चारचौघांत उभी राहिले. "मी वतलं." मिस्त्रीनं हात जोडले. "काकी, गेलेल्या लेकाची चूक अंगावर घेताय. आई असावी तर अशी!" मी पुन्हा ओरडले, "खरंच मीच वतलं!" तशी सून गळ्यात पडली.