बेटावरचा दहावा

"मेली चिलटं, कानातसुद्धा शिरतायत," आशामावशी शालीतल्या शालीत पुटपुटली. "आणि म्हणे मधूला हे बेट आवडायचं."

समोरच्या काळ्या कातळावर तीळ लावलेला भाताचा पिंड होता. दहा हातांवर राखाडी पाठीचा कावळा बसला होता. पाऊण तास झाला, तो नुसता बघत होता.

बेट राखीव होतं. हरणं, समुद्रपक्षी आणि मधोमध सहा कोटी वर्षांपूर्वी विझलेला ज्वालामुखी. परमिटाशिवाय पाऊल टाकायचं नाही, इथलं काही न्यायचं नाही, आपलं काही ठेवायचं नाही. ओळखीच्या वॉर्डननं भातापुरती डोळेझाक केली होती. पक्ष्यानं खाल्लं नाही तर डब्यात भरून परत न्या, एवढंच म्हणाला होता.

शशिधर एडिनबराचा भूगर्भशास्त्रज्ञ. बावीस उन्हाळे तो इथले खडक तपासायला आला, आणि त्याच्यामागून बायको मधुमती, पत्र्याच्या खोपटात भात शिजवायला. तिचा दहावा इथेच करायचा, हे त्यानंच ठरवलं.

कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलेलं. ते ओळखून मोठ्यानं बोलावं लागतं. मावशीनं सुरुवात केली.

"मधू, तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालीन हो."

कावळा ढिम्म.

"मधू, तुझ्या लेकीचं लग्न लावून देऊ."

"माझा लग्न झालाय, मावशी. डिव्होर्सपण झालाय," सुमेधा म्हणाली. तिचा जन्म एडिनबराचा.

"मग दुसरं लावू. तू गप."

सुमेधाला हसू आलं, मागोमाग रडू. तिनं मावशीकडे बघितलं. मावशी शालीचे गोंडे सारखे करू लागली. दोघींनाही बेटावरून मधुमतीची पत्रं आली होती. दोघींनी ती एकमेकींना वाचून दाखवली होती, शशिधरला नाही.

खाली धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला.

"दर्भाचा कावळा करून शिववला तरी चालतं," शशिधर म्हणाला, आणि त्यानं गवताची मूठ उपटली. मधुमतीला त्यानं इथलं एक फूल कधी तोडू दिलं नव्हतं. गुडघे टेकून तो पाती वळू लागला. चोच झाली. एक पंख झाला. कातळावरचा कावळा मान तिरकी करून बघत राहिला.

मावशीचा जीव भांड्यात पडला. "झालं. लावा आणि चला, भावोजी. बोट थांबायची नाही."

पिंडाजवळ नेलेला शशिधरचा हात तिथेच थांबला.

"मधू," तो म्हणाला, "जूनमध्ये तू म्हणालीस, पोटात फार दुखतंय, मला बोटीत बसवून द्या. चार बोटी गेल्या. मी म्हणत राहिलो, अजून परमिटाचे दिवस बाकी आहेत."