लाल पानांची कुंडी

सकाळपासून चौथं पान गळलं, तशी मी पुन्हा तांब्या घेऊन कुंडीपाशी गेले.

नाताळात लेकाने आणलेलं ते लाल पानांचं झाड. "ईस्टरला येईन, तोवर जगव गं आई," म्हणाला आणि कॅनडाला गेला. ह्यांनीच त्याला जाऊ दिलं, म्हणून त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी अबोला धरला होता. आणि हा माणूस झाडाकडे ढुंकूनही बघत नव्हता! दोन-दोन वेळा मीच पाणी घालत होते. तरी पानं गळायची ती गळतच होती. जिवाला चैन नव्हतं.

चिडून कुंडी उचलली, तर भलतीच जड लागली. भोवतीचा चंदेरी कागद सोडला, आणि त्यात साचलेलं पाणी भसकन पायावर सांडलं. कुजका वास आला.

वळले, तर हे दारात उभे. हातात पाण्याची बाटली.

"तुम्हीपण घालत होतात?" सोळा दिवसांनी माझ्या तोंडून शब्द फुटला.

"रोज, तू स्वयंपाकघरात असताना. मला वाटलं, रागात तुझं लक्षच नाही."

मी मातीत बोट घालून पाहिलं. नुसता चिखल.

"आता पंधरा दिवस पाणी बंद!"

"आणि अबोला?" ह्यांनी हळूच विचारलं.