मावशींना विचारा

विणकामाच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये कोणीही अडलं की बाकीच्याजणी एकच सांगतात, "मावशींना विचारा." शेवटी तिनेही खोट्या नावाने एक फोटो टाकला. स्वेटरच्या पाठीवर मधोमध एक टाका सुटून वीण शिडीसारखी खाली उसवत गेली होती. तो टाका तिने मुद्दामच सोडला होता. दुसरं काही सुचतच नव्हतं.

मावशींचं उत्तर लगेच आलं. "अगं वेंधळे, घाबरतेस काय? क्रोशाची सुई घे आणि खालून एकेक धागा वर ओढत ये."

"जमत नाही हो. डोळ्यांपुढे सगळं धूसर होतंय." हे मात्र खरं होतं.

"रडतेस की काय? घरात आई नाही का तुझी? जा, तिच्याजवळ जाऊन बस. आईपाशी कसली लाज?"

तिने विणकाम उचललं, शेजारच्या खोलीचं दार ढकललं आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली.

"आई, टाका सुटलाय गं."

आईने फोनमधून मान वर केली, चष्म्यावरून तिला नीट न्याहाळलं आणि परक्या बाईशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "जरा थांबता का, बाई? इथे एक पोर फार अडलीय, तिला आधी मार्गी लावते."