नाव पूनमचं

“पूनम!” नर्सबाई भाग्यलक्ष्मीनं हाक मारली आणि दामिनी उठून आत गेली. खरी पूनम, दामिनीची वहिनी, बाकावरच बसून राहिली. अठ्ठेचाळिसावा मंगळवार होता. तीच तामसी गावाहून येणारी बस, तेच आदिलाबादचं ऊन, तेच बाक. पाय नुसते भरून आले होते.

नावाची ही अदलाबदल पूनमच्या सासूनं, रेणुकाबाईंनी सुचवलेली. त्यांची लेक दामिनी रागाच्या भरात ब्लेडनं हात चिरून घ्यायची आणि मग तासन्‌तास रडायची. अशा व्यक्तिमत्त्व विकारावर इथल्या दवाखान्यात संशोधन सुरू झालं होतं. दर आठवड्याला बोलून, सवयी बदलून माणूस किती सावरतं, ते बघायचं. उपचार फुकट, पण नोंदणीला आधार कार्ड लागे.

“बिनलग्नाच्या पोरीचं नाव तिथं लागलं तं कोन करन तिले?” रेणुकाबाईंनी तेव्हा हात जोडले होते. “तुझं लगन झालंच हाये. तुझ्या नावाले काय होते?”

आधारवरचा फोटो तर कोणाचाच कोणाशी जुळत नाही. काम भागलं.

दर आठवड्याला पूनमच्या नावाचं एक कार्ड भरून न्यायचं. राग किती आला, मरावंसं वाटलं का, मग काय केलं. दामिनी लिहायला बसली की कागदच फाडायची. म्हणून ती सांगे आणि पूनम लिही. ‘आज साऱ्यांना संपवून टाकावंसं वाटलं.’ पुढेपुढे, ‘आज नुसतं वाटलं. केलं काही नाही.’ दवाखाना कार्डाचा फोटो काढून कार्ड परत देई.

पूनमचा नवरा करण मंचेरियलला नोकरीला. दोन-दोन महिने घरी फिरकत नसे. फोनवर मात्र न चुकता बजावी, “थे कार्डं फेकू नको. सारे माह्या कपाटात ठेव.”

बायकोची नाही तर नाही, बहिणीची तरी काळजी आहे, असं म्हणून पूनम कार्ड त्याच्या कपाटात ठेवी.

दामिनी बाहेर आली. “वैनी, डॉक्टर म्हनते, आता यायची गरज नाही.” तिनं पूनमचा हात घट्ट धरला. “तू नसती तं मी मेली असती वं.”

“चाल, बस जाईन,” पूनम म्हणाली. तिला रडू येत होतं, पण रडायचाही कंटाळा आला होता.

वैशाखात दामिनीचं लग्न थाटात झालं. सासरच्यांना कशाचा सुगावा लागला नाही. रेणुकाबाईंनी पूनमला नवी साडी नेसवली. “पोटच्या पोरीनं केलं नसतं इतकं केलं तू,” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

आठव्या दिवशी पोस्टमननं सही घेऊन लिफाफा दिला. कोर्टाचा कागद तेलुगूत होता. पूनमची शाळा तेलुगूतच झालेली, तिला सगळं वाचता आलं. करणला घटस्फोट हवा होता. कारण, पत्नीला मानसिक विकार. पुरावा, पत्नीच्याच हस्ताक्षरातली अठ्ठेचाळीस कार्डं.

साक्षीदार, अर्जदाराची आई रेणुकाबाई.