पहिलं पाणी

पाळणाघराचे पाइप जुने, शिशाचे. रात्रभर साचलेल्या पाण्यात शिसं उतरतं, म्हणून तपासणीचा नियमच होता, की रात्री नळ बंद ठेवायचा आणि सकाळचं पहिलं पाणी बाटलीत भरायचं. नमुना नापास झाला तर पाळणाघराला टाळं. पण मालकीणबाई कसल्या वस्ताद! त्यांनी पहाटेच नळ धो धो सोडला, तो तसाच वाहता ठेवून केरवारे उरकले आणि मग प्रयोगशाळेच्या माणसाला हसत दार उघडलं.

“रात्रभर नळ बंद होता ना, बाई?”

“हातसुद्धा लावला नाही कुणी.”

त्याने बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. तेवढ्यात सून बाळाला कडेवर घेऊन आली. बाळ बाटलीतलं दूध गटागटा पीत होतं. परक्या माणसासमोर मोठ्याने कसं बोलायचं, म्हणून ती सासूबाईंच्या कानाशी लागली.

“आई, पहाटे तुम्ही नळ बंद करायला विसरलात. पण मी थेंब वाया जाऊ दिला नाही हं, लगेच बादली लावली! एरवी दिवसभर ऐकवता ना? याचं पावडरचं दूधसुद्धा त्याच पाण्यात कालवलंय.”

बाईंचा हात झटकन नातवाच्या बाटलीकडे गेला.

“काय झालं हो?” त्या माणसाने विचारलं.

हात तिथूनच वळला आणि पेनवर आला.

“काही नाही. भूक लागलीय त्याला, पिऊ दे. सही कुठे करू?”