जास्तीची सात मुलं

"बाई, ही सात पोरं काय आभाळातून पडली?" स्वयंपाकाच्या मावशींनी कागद टेबलावर आपटला. बालगृहाचा कॉम्प्युटर रोज सकाळी मुलांचा आकडा द्यायचा आणि मावशी त्यावर पीठ भिजवायच्या. आज आकडा फुगला होता आणि मावशीही.

मोठ्या बाईंनी नावं वाचली. सातही मुलं या वर्षात दत्तक गेली होती.

कोपऱ्यात टेपवाला ओशाळून बसला होता. परवा मशीनच्या डिस्कने मान टाकली, आणि याने काल दिवसभर खपून, नकला जपून ठेवलेल्या टेपांवरून सगळं परत आणलं होतं.

"टेपेचा स्वभावच तसा हो," तो म्हणाला. "वर्षाच्या सुरुवातीला सगळं मोठ्या टेपेवर घेतलं. पुढे रोजच्या टेपेवर फक्त नवीन आलेलं आणि बदललेलं. मधल्या काळात काय पुसलं, ते तिला कोण सांगणार? म्हणून गेलेली पोरं पुन्हा हजर. एक बटण दाबतो, सातही जातील."

"थांबा. एकेका घरी विचारून पुसू. न जाणो, आपलीच काही गफलत असली तर?"

हा शुद्ध बहाणा होता. मूल नव्या घरी गेलं की तिथे रुजू द्यायचं, इथून फोन करायचा नाही, असा संस्थेचा दंडक होता. बाईंनी तो कधी मोडला नव्हता. पण प्रत्येक मूल गेल्यावर 'नीट असेल ना?' हा भुंगा त्यांचं डोकं पोखरत राहायचा. आज देवाने, म्हणजे डिस्कने, आयतीच संधी दिली होती.

पहिल्या घरातला मुलगा "मी खेळतोय, नंतर बोलू" म्हणून पळाला. दुसऱ्या घरातल्या मुलीला बाई आठवल्याच नाहीत. बाईंना बरं वाटलं आणि जरा झोंबलंही. जुळे भाऊ फोन कुणी धरायचा यावरूनच हाणामारीला आले. पुढच्या दोन्ही घरांतूनही हसण्याखिदळण्याचेच आवाज आले. बाईंनी डोळे पुसले. मावशीसुद्धा पीठ विसरून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी राहिली बडबडी. आठ वर्षांची पोर, पण तिच्या तोंडाला म्हणून विसावा नव्हता. ही झोपेतही भांडते, असं मावशी म्हणायच्या.

फोन तिच्या नव्या आईने उचलला. "मजेत आहे. आता शहाणी झालीय. बोलत नाही फारशी."

"जरा द्या ना तिच्याकडे."

फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर झाली. मग कुणीतरी फोनजवळ श्वास घेतला.

"काय गं बडबडे, ओळखलंस का?"

"हळू बोला, बाई."

बाईंनी फोन घट्ट धरला.

"बाई, माझी खाट कुणाला दिली?"

खाट दुसऱ्याच दिवशी एका नव्या मुलीला दिली होती.

"कुणालाच नाही," बाई धडधडीत खोटं बोलल्या. "तुझीच आहे."

पलीकडे पोर रडायला लागली. तेही हुंदके दाबून. मग फोन बंद झाला.

ती दत्तक गेली तेव्हा कॉम्प्युटरवरची तिची फाइल बाईंनी स्वतःच्या हाताने पुसली होती, तीही आनंदाने. ते आठवून त्यांना स्वतःचाच संताप आला. त्यांनी दत्तक घरांच्या तपासणी अधिकाऱ्यांना फोन लावला, हातातलं काम टाकून थेट त्या घरी यायला सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या.

टेपवाल्याला यातलं काही कळलं नव्हतं. त्याचं बोट बटणावर होतं. "झालं ना विचारून? मग सातही पुसतो."

"सहा पुसा."

"आणि ही शेवटची? अहो बाई, ती चुकून परत आलीय."

"नाही हो," बाई दारातून म्हणाल्या. "ती चुकून गेली होती."