निरक्षर, वय अंदाजे सोळा

“आजपासून तू अठराची. म्हणजे आजपासून तू आमची नाहीस,” असं म्हणून अधीक्षिकाबाईंनी भिंगरीच्या फाइलला करकचून दोरी बांधली.

मुलींच्या आश्रयगृहाचा नियमच तसा होता. रस्त्यावरून आणायचं, शिकवायचं आणि अठरा पूर्ण झाली की ‘पुनर्वसित’ असा शिक्का मारून हातात फुलांचा गुच्छ द्यायचा. भिंगरीची बारावीची परीक्षा चार महिन्यांवर आली होती. जायला घर नव्हतं, अभ्यासाला कोपरा नव्हता. गुच्छ मात्र छान होता.

“अहो बाई, तो वाढदिवस मीच ठरवलाय की!” काकू कळवळून म्हणाल्या. रोज सकाळी रस्त्यांवर फेरी मारून बेघर मुली शोधून आणायच्या, हे काकूंचं काम. आठ वर्षांपूर्वी बाजाराच्या पायऱ्यांवरून भिंगरीला त्यांनीच उचलून आणलं होतं. “हिचे दात बघितले आणि म्हटलं, दहा धरा. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरची. तेव्हा आठ म्हटलं असतं तर?”

“तेव्हा म्हणायचं होतं. एकदा लिहिलेलं वय खोडता येत नाही.”

बाई काही दुष्ट नव्हत्या. नियमाबाहेर पाऊल टाकणं त्यांना जमायचं नाही, इतकंच. फाइल मुख्य कार्यालयाच्या गाडीत चढली. भिंगरीचे सगळे दाखले फाइलीत होते, तेही गेले.

भिंगरी फाटकाबाहेर फुटपाथवर ट्रंक टाकून बसली. पोटभर रडली. मग तिनं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं, कारण रडून धडा पाठ होत नाही.

अर्ध्या तासानं काकू रोजच्या फेरीला निघाल्या. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि थबकल्याच. मग कमरेला पदर खोचून त्यांनी फेरीतला ठरलेला प्रश्न विचारला.

“काय गं, कुठं राहतेस?”

भिंगरीनं चमकून वर बघितलं. पोरगी हुशार. “रस्त्यावर.”

“कधीपासून?”

“अर्धा तास झाला.”

“कुणी आहे का तुझं?”

भिंगरीनं पुस्तक मिटलं. “नाही.”

“मग चल आत. हे काय मुलीनं बसायचं ठिकाण आहे?”

एवढी छोटी फेरी काकूंनी उभ्या आयुष्यात मारली नव्हती.

बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. रस्त्यावर सापडलेल्या मुलीला परत पाठवता येत नाही, हाही नियमच होता. त्यांनी कोरा अर्ज पुढे ओढला.

“वय?”

भिंगरीनं मुकाट्यानं आ केला. काकूंनी दात बघितले. “चौदा.”

“काकू, जनाची नाही तर मनाची तरी! सोळा लिहिते.” कोण जाणे, ते खरंही असेल. “शिक्षण? दाखला आहे जवळ?”

“दाखले तुम्हीच तर गाडीत घातलेत!”

“मग दाखला नाही. दाखला नाही तिथं निरक्षर.”

“बाई! माझी बारावीची परीक्षा आहे!”

“दे की. निरक्षरानं परीक्षा देऊ नये, असा नियम कुठाय? लाव अंगठा.”

भिंगरीनं अंगठा लावला, शाई पुसली आणि कॉलेजात पळाली. चार महिने तिनं जिवाचं रान केलं. निकाल लागला तेव्हा ती केंद्रात पहिली आली होती. काकूंनी तिला छातीशी धरलं आणि तोंडाला पदर लावला. बाईंनी सुद्धा, नियम नसताना, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग वार्षिक अहवाल वर गेला. कारकुनानं रकाने भरले होते. दाखल होताना: निरक्षर. आता: बारावी, प्रथम श्रेणी. दाखल ते परीक्षा: चार महिने.

मुख्य कार्यालयातले साहेब स्वतः धावत आले. “चार महिन्यांत! बाई, ही जादू केलीत तरी कशी?”

खरं सांगावं तर भिंगरी पुन्हा फुटपाथवर आणि बाई तिच्या शेजारी. भिंगरीनं तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी तिला चिमटा काढला. बाई घोटभर पाणी प्यायल्या.

“काही नाही, साहेब. सगळं नियमाप्रमाणेच केलं.”

साहेब खूश झाले. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, गुच्छ दिला आणि गेले. त्या संध्याकाळी तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आठवड्यानं पत्र आलं. कौतुकाचंच असणार म्हणून बाईंनी सगळ्या मुलींना अंगणात बसवलं आणि पत्र भिंगरीच्या हातात दिलं. घरातली सगळ्यात लहान मुलगी तिच्या मांडीवर होती. तिला इथं येऊन आठ महिने झाले होते आणि ती पाटीवर जेमतेम ‘अ’ काढायला शिकली होती. भिंगरीनं ऐटीत घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

“‘आपल्या संस्थेनं सिद्ध केलं आहे की निरक्षर मुलगी चार महिन्यांत बारावी होते. सबब, मुलींना अठरा वर्षांपर्यंत ठेवण्याचा नियम रद्द करण्यात येत आहे. ज्यांना चार महिने झाले आहेत, त्या सर्वांना आज संध्याकाळपर्यंत पुनर्वसित करावं.’”